महिन्याला एक रोल

आठवडाभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगतं, एखादा छंद लावून घे. तो बिचारा चांगला डिजिटल कॅमेरा घेतो, शनिवारी सिंहगडावर जातो, चारशे फोटो काढतो आणि रविवारची संध्याकाळ लॅपटॉपसमोर त्यातले तीनशे ऐंशी पुसण्यात घालवतो. उरलेल्या विसांचे रंग दुरुस्त करतो, ते कुठेतरी टाकतो आणि किती जणांना आवडले हे झोपेपर्यंत पाहत बसतो. सोमवारी ऑफिसात पुन्हा स्क्रीन आहेच. छंद लागला, सुट्टी मात्र मिळाली नाही.

अशा माणसाला फिल्मचा कॅमेरा उपयोगी पडतो. फिल्मच्या फोटोंचे रंग, त्यातले दाणे यांचं कौतुक पुष्कळ होतं आणि ते खरंही आहे. पण तसे रंग फोनमधलं एखादं अ‍ॅपही आणून देतं. फिल्मची खरी मिळकत तिच्या गैरसोयीत आहे. फोटो लगेच दिसत नाही, रोलमध्ये छत्तीसच असतात आणि हातात यायला दिवस लागतात. या तिन्ही गैरसोयी जपल्या तरच सुटका होते. रोल फिल्मचा, पण कॅमेरा निवडायला महिनाभर व्हिडिओ पाहिले आणि धुतलेला रोल स्कॅन करून पुन्हा लॅपटॉपवर घेतला, तर आपण फक्त महागडा वळसा घातला. म्हणून खरेदीपासून हातात कागद येईपर्यंत संगणकाला कसं लांब ठेवायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी तीन नियम

पहिला: कॅमेरा घेऊन निघालात की फोन घरी. ते जमत नसेल तर बंद करून पिशवीच्या तळाशी. उजेड मोजण्याची अ‍ॅप मिळतात, चांगलीही असतात. तरी ती वापरू नका. उजेड मोजायला फोन काढला की त्यावर आलेला निरोपही दिसतो.

दुसरा: महिन्याला एकच रोल. जास्त नको, कमीही नको. रंगीत रोल सध्या साधारण हजार-बाराशे रुपयांना पडतो. धुणं आणि प्रिंट धरून आणखी सहा-आठशे. दर शहरागणिक आणि ब्रँडप्रमाणे बदलतात, पण एका फोटोला पन्नासेक रुपये हा हिशेब डोक्यात ठेवायला बरा. बटण दाबण्याआधी पन्नास रुपये आठवले की माणूस एक पाऊल पुढे जातो, मागचा विजेचा खांब चौकटीतून काढतो, थांबतो. हे थांबणंच आपल्याला हवं आहे.

छत्तीस फोटोंत काय होणार, असं वाटत असेल तर एक उदाहरण घ्या. २००९ मध्ये कोडॅकने कोडाक्रोम ही गाजलेली फिल्म बंद केली, तेव्हा कारखान्यातला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराला दिला. न्यूयॉर्क, मुंबई, राजस्थान असा प्रवास करत त्याने तो एकच रोल पुरवून वापरला आणि २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, पार्सन्स या गावच्या लॅबमध्ये तो स्वतः नेऊन दिला. आपल्याला एक महिना आणि एक पेठ पुरवायची आहे.

तिसरा: फोटो कागदावरच पाहायचे. याबद्दल पुढे सविस्तर.

कॅमेरा: आधी माळा उघडा

कॅमेरा शोधायला इंटरनेटवर बसू नका. आधी घरातली कपाटं आणि माळे पाहा, मग मामा-काकांना विचारा. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत कोडॅकचा केबी-१० किंवा यशिकाचा एमएफ-२ हमखास सापडायचा. त्याआधी 'हॉट शॉट' होता. लग्नकार्याला, सहलीला बाहेर निघायचा आणि परत कपाटात जायचा. त्यातले बरेच अजून चालतात. नवे सेल घाला, मागचं झाकण उघडा आणि बटण दाबून आतला पडदा क्षणभर उघडतो का ते पाहा. काही साध्या कॅमेऱ्यांत शटर फिल्मच्या भोकांत अडकणाऱ्या दातेरी चाकाने ताणलं जातं. रोल नसला की बटण नुसतंच खाली जातं. तेव्हा लगेच भंगारात काढू नका. ते चाक बोटाने फिरवा, मग बटण दाबा.

याहून जुना, आजोबांच्या काळातला आगफा क्लिक थ्री सापडला तर पुसून जपून ठेवा. पण त्याला १२० चा रुंद रोल लागतो आणि त्यात बाराच फोटो येतात. सुरुवात ३५ मिलिमीटरच्या रोलने करावी. तो सहज मिळतो आणि सहज धुऊन मिळतो.

घरात काही नसेल आणि विकतच घ्यायचा असेल, तर पूर्ण यांत्रिक एसएलआर घ्या. पेंटॅक्स के-१००० हा कॅमेरा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बाजारात होता आणि जगभर फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांच्या हातात असायचा. निकॉनचे एफएम-२ आणि एफएम-१०, यशिकाचा एफएक्स-३ हेही त्याच जातीचे. यांचं शटर सेलशिवाय चालतं. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. कॅनन एई-१ दिसायला देखणा आणि लोकप्रिय आहे, पण त्यात बॅटरी संपली की शटरच उडत नाही. के-१००० वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्याच्या मीटरला बंद करण्याचं बटण नाही. लेन्सवर टोपी लावली की मीटर थांबतो. टोपी विसरलात तर सेल संपतो.

मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार कॅमेऱ्यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नशीब काढता येतं, मात्र तिथे पारख आपली आपण करायची. दुकानदाराला किंमत विचारण्याआधी दुसरा प्रश्न विचारा: बिघडला तर दुरुस्त कोण करतं? दुरुस्ती करणारा माणूस ओळखीचा झाला की निम्मी काळजी मिटते.

हातात घेतल्यावर पाच गोष्टी तपासा.

१. झाकण उघडून शटर एक सेकंदावर ठेवा आणि बटण दाबा. पडदा उघडा राहतो तेवढ्यात मनात 'एक हजार एक' म्हणून होतं का? अर्धवट अडकला किंवा रेंगाळला, तर आतलं तेल घट्ट झालं आहे.

२. आता १/१००० वर ठेवून कॅमेरा उजेडाच्या खिडकीकडे धरा आणि मागून पाहत बटण दाबा. पूर्ण चौकट उजळली पाहिजे. एक कड काळी राहिली तर फोटोतही ती काळीच येईल.

३. लेन्समध्ये टॉर्चचा उजेड तिरका टाका. धुळीचे चार कण चालतात. जाळीदार पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. कॅमेरा परत करा.

४. झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज बोटाने दाबा. तो चिकट लगद्यासारखा हाताला लागत असेल तर उजेड आत शिरतो. हा दोष मोठा नाही, स्पंज बदलता येतो. किंमत मात्र त्याप्रमाणे कमी करून घ्या.

५. सेलचा कप्पा उघडा. हिरवट थर असेल तर आत सेल फुटून गेलेला आहे.

कोणता रोल?

डब्यावरचा आयएसओचा आकडा म्हणजे फिल्म उजेडाला किती जागी आहे त्याचं माप. १०० आणि २०० उन्हासाठी. ४०० पावसाळ्यासाठी, सावलीसाठी आणि घरातल्या खिडकीजवळच्या उजेडासाठी. ऑक्टोबर ते मे या काळात बाहेर फिरणार असाल तर कोडॅक गोल्ड २०० किंवा कलरप्लस २०० घ्या. जून ते सप्टेंबर ४०० शिवाय गत्यंतर नाही. कृष्णधवलसाठी इलफर्डचा एचपी-५ प्लस हा ४०० चा रोल सर्वांत क्षमाशील; नवशिक्याच्या बऱ्याच चुका तो पोटात घालतो.

एकेकाळी ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल आपल्याकडे बनत असे. तो कारखाना बंद पडला. आता मिळणारे रोल बहुतेक सगळे बाहेरून येतात, म्हणून दर चढे. स्वस्तात मिळतात म्हणून मुदत उलटून गेलेले जुने रोल घेऊ नका. फोटो बिघडला तर दोष आपला, कॅमेऱ्याचा की रोलचा, हे नव्या माणसाला कळत नाही.

सिनेमाची फिल्म कापून छोट्या डब्यांत भरलेले रोलही मिळतात. अशा बऱ्याच फिल्मच्या पाठीवर काजळीचा काळा थर असतो आणि तो नेहमीच्या रंगीत फिल्मच्या यंत्रात गेला तर रसायन बिघडवतो. असा रोल असेल तर लॅबला आधी स्पष्ट सांगा. पहिल्या काही महिन्यांत या वाटेला जाऊच नका.

रोल भरताना

सावलीत उभे राहा. डबी डाव्या कप्प्यात बसवा, फिल्मचं जिभेसारखं टोक उजवीकडच्या फिरकीच्या खाचेत घाला आणि लिव्हर एकदा ओढा. फिल्मच्या दोन्ही कडांची भोकं चाकाच्या दातांत बसलेली दिसली की झाकण लावा. आता डावीकडची रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने अलगद फिरवून ढील काढा. अडली की थांबा. मग लिव्हर ओढा आणि त्याच वेळी मुठीकडे पाहा. ती आपोआप उलटी फिरली तर फिल्म सरकते आहे. स्थिर राहिली तर फिल्म फिरकीत अडकलेलीच नाही, आणि तुम्ही महिनाभर छत्तीस वेळा हवेचे फोटो काढाल.

रोल संपल्यावर कॅमेऱ्याच्या तळाचं छोटं बटण दाबून मूठ फिरवायची. फिल्म डबीत गेली की मूठ एकदम हलकी होते. तोवर झाकणाला हात लावायचा नाही. चुकून उघडलंच तर घाबरून तसंच उघडं ठेवू नका, पटकन बंद करा. वेटोळ्याच्या आतल्या थरांतले फोटो बरेचदा वाचतात.

उजेड वाचायला शिका

मीटर असो वा नसो, एक जुना आडाखा पाठ करा. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग रोलच्या आयएसओजवळचा. म्हणजे २०० चा रोल असेल तर १/२५०, ४०० चा असेल तर १/५००. उजेड कमी होईल तसं छिद्र एकेक पायरी मोठं करायचं: ऊन मळभलेलं असेल आणि सावल्यांच्या कडा पुसट असतील तर एफ/११, आभाळ भरलेलं पण उजेड बरा असेल तर एफ/८, दाट ढग असतील तर एफ/५.६, इमारतीच्या सावलीत किंवा सूर्य मावळताना एफ/४.

हा तक्ता पोस्टकार्डावर लिहून कॅमेऱ्याच्या पट्ट्याला अडकवा. मग कॅमेरा नसतानाही सराव करा. बसस्टॉपवर उभे असाल तर जमिनीवरची आपली सावली पाहा: कड धारदार आहे की पुसट? सोळा की अकरा? असं बघायची सवय लागली की मान आपोआप वर होते. डोळ्यांचे डॉक्टर स्क्रीनवर काम करणाऱ्यांना दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब, वीस सेकंद पाहा असं सांगतात. ते आपण विसरतो, कारण लांब पाहायला काही निमित्त नसतं. उजेड मोजणं हे बरं निमित्त आहे.

शंका आली तर उजेडाकडे चुका. निगेटिव्ह फिल्म एक-दोन पायऱ्या जास्तीचा उजेड निमूट सोसते. कमी पडलेला मात्र कोणत्याही लॅबला भरून काढता येत नाही. सावलीतले काळपट, चिखलासारखे फोटो येतात ते यामुळेच. एप्रिलमध्ये दुपारी बारा ते तीन कॅमेरा पिशवीतच ठेवा. माथ्यावरच्या उन्हात माणसांच्या डोळ्यांखाली काळी भोकं पडतात आणि कॅमेराही तापतो.

एक रोल, एक विषय

छत्तीस फोटो विखरून काढले तर महिनाअखेर हातात छत्तीस सुटे कागद येतात. म्हणून रोलला एक विषय द्या. तो लांबचा नको, जाता-येता पायांखाली येणारा हवा. गावातलं एसटी स्टँड पहाटे पाच ते सात. मंडईतला एकच गाळा. सोसायटीत कामाला येणाऱ्यांची सकाळ. रायगड जिल्ह्यात पेणला जाणं शक्य असेल तर गणपतीच्या कारखान्यांत पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा खिडकीच्या उजेडात उभ्या असतात. एचपी-५ साठी याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही. फक्त पांढरं पाहून मीटर फसतो आणि फोटो काळवंडतो, तेव्हा तिथे एक पायरी जास्त उजेड द्या.

सोबत छोटी वही ठेवा. फोटोचा क्रमांक, छिद्र, वेग, कुठे, कोण. एवढंच. डिजिटल कॅमेरा हे सगळं स्वतः नोंदवतो, म्हणून आपण त्यातून काही शिकत नाही. वहीतलं १७ क्रमांकाचं 'एफ/८, १/१२५, मंडई, कांदेवाल्या मावशी' आणि महिन्याने हातात आलेला सतरावा फोटो समोरासमोर ठेवला की चूक कुठे झाली ते कळतं.

माणसांचे फोटो काढताना आधी विचारा. फोटो काढून झाल्यावर समोरचा हमखास म्हणणार, "दाखवा की!" आणि कॅमेऱ्याची पाठ पाहायला पुढे येणार. तिथे काही नाही हे पाहून तो हसतो, लहान मुलं तर कॅमेरा उलटसुलट करून पाहतात. तेव्हा नाव विचारून वहीत लिहा आणि सांगा, पुढच्या महिन्यात कागदावर आणून देतो. आणि आणून द्याच. जे छायाचित्रकार फोटो देतात, त्यांना पुढच्या वेळी चहा मिळतो आणि चांगले फोटोही मिळतात.

धुवायला टाकताना

रंगीत रोलचं रसायन सुमारे ३८ अंशांवर, अगदी अचूक तापमानात चालतं. ते लॅबवर सोपवावं. लहान गावांतल्या बहुतेक लॅब आता रोल धूत नाहीत. पुण्या-मुंबईच्या लॅब कुरिअरने आलेले रोल घेतात. रोल देताना तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्या.

निगेटिव्ह परत हव्यात. बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक फक्त स्कॅन नेतं आणि निगेटिव्ह तिथेच पडून राहतात. मूळ वस्तू तीच आहे, ती सोडू नका.

पट्ट्या सहा-सहाच्या कापून प्लॅस्टिकच्या पाकिटात हव्यात, गुंडाळून डबीत नकोत.

सगळ्यांचे चार बाय सहाचे प्रिंट हवेत, स्कॅन नकोत. बहुतेक लॅबमध्ये प्रिंटही स्कॅनरमधून जाऊनच निघतो. जाऊ दे, तो संगणक आपल्या घरातला नाही. लॅबवाला "मेलवर पाठवतो" म्हणेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा. एकदा मेल आला की रात्री अकराला आपण फोटो मोठा-छोटा करत बसणार, हे नक्की.

रोल महिनोन्महिने डबीत ठेवू नका. गॅरी विनोग्रँड हा अमेरिकन छायाचित्रकार १९८४ मध्ये वारला, तेव्हा त्याचे सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले होते. उन्हाळ्याच्या उकाड्यात न धुतलेली प्रतिमा हळूहळू विरते आणि रंग वाहवतात. रोल संपला की आठवड्याच्या आत द्या.

कृष्णधवल घरी धुवा

संगणकापासून खरोखर पूर्ण सुटका हवी असेल तर कृष्णधवलकडे या. यात रोल भरण्यापासून कागदापर्यंत काहीच विजेच्या मेंदूतून जात नाही आणि डार्करूमशिवाय सुरुवात होते. लागतं ते एवढं: उजेड न शिरणारी काळी पिशवी, धुण्याची टाकी आणि तिचं रीळ, थर्मामीटर, मोजपात्रं, डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर आणि सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ.

आधी एक वाया गेलेला रोल घेऊन उजेडात, मग डोळे मिटून रिळावर चढवायचा सराव करा. रीळ कोरडं ठणठणीत हवं. पावसाळ्यात ते दमट राहिलं तर फिल्म मध्येच चिकटते आणि पिशवीतले हात घामाने आणखी ओले होतात.

एचपी-५ साठी इलफर्डचा आयडी-११ हा डेव्हलपर समसमान पाण्यात मिसळून २० अंशांवर १३ मिनिटं, असं सोपं प्रमाण आहे. आपली अडचण तापमानाची. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी अठ्ठावीस-तीस अंशांवर असतं. गरम पाण्यात काम फार लवकर उरकतं, आणि पाच मिनिटांच्या आत उरकलेला रोल डागाळतो. म्हणून घमेल्यात पाणी घेऊन बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात सोडा आणि रसायनांच्या बाटल्या त्या पाण्यात उभ्या करा. बर्फ थेट रसायनात टाकू नका. काटा वीसवर आला की सुरू.

पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटी-सुलटी करायची, त्यानंतर दर मिनिटाला पुन्हा चार वेळा. ताक घुसळल्यासारखी हलवू नका. प्रत्येक फेरीनंतर टाकी ओट्यावर हलकेच आपटा, म्हणजे बुडबुडे सुटतात. तेरा मिनिटं हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले असतात. या वेळात आलेला फोन उचलता येत नाही, ही याची जमेची बाजू. मग दहा सेकंद स्टॉप बाथ, पाच मिनिटं फिक्सर. धुताना टाकीत ताजं पाणी भरून पाच वेळा उलटी करा आणि ओता. पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग वाळल्यावर राहतात, म्हणून शेवटचं खळबळणं गाडीच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने करा. फिल्म न्हाणीघरात दोरीवर टांगा, खाली दुसरा चिमटा वजनाला लावा आणि पंखा बंद ठेवा. पंख्याने धूळ बसते.

वापरलेल्या फिक्सरमध्ये फिल्मवरची चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ, झाडाला किंवा सेप्टिक टँकमध्ये ओतू नका. कॅनमध्ये साठवा आणि लॅबला विचारा. काही जण चांदी काढण्यासाठी घेतात. रसायनांची भांडी स्वयंपाकघरात परत न्यायची नाहीत, आणि मुलांच्या हाती लागतील अशी ठेवायची नाहीत.

न्हाणीघरातली कॉन्टॅक्ट शीट

निगेटिव्ह कागदावर पाहायला एनलार्जर लागतोच असं नाही. रात्री न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने बंद करा, लाल दिवा लावा. दिवा चालतो का ते पाहायला फोटोच्या कागदाच्या तुकड्यावर नाणं ठेवून पाच मिनिटं थांबा, मग तुकडा डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर तो दिवा बदला.

आता आठ बाय दहा इंचांचा कागद, त्यावर निगेटिव्हच्या पट्ट्या, वर स्वच्छ काच. सहा-सहाच्या सहा पट्ट्या या कागदाच्या किंचित बाहेर जातात. पाच-पाचच्या सात बरोबर बसतात आणि छत्तिसावा एकटा उरतो. म्हणून घरी धुतलेला रोल पाच-पाचचाच कापा. वरून मंद पांढरा दिवा काही सेकंद लावायचा. किती सेकंद, ते कागदाची पट्टी टप्प्याटप्प्याने झाकून ठरवा. इलफर्डच्या मल्टिग्रेड आरसी कागदाला डेव्हलपरमध्ये एक मिनिट, स्टॉपमध्ये दहा सेकंद, फिक्सरमध्ये अर्धा मिनिट आणि पाण्यात दोन मिनिटं पुरतात. जवळजवळ संपूर्ण महिना एका कागदावर येतो. भिंग घेऊन पाहा, लाल पेन्सिलीने तीन फोटोंवर खूण करा. महिन्याला तीन चांगले निघाले तर महिना चांगला गेला असं समजा.

पावसाळा आणि प्रवास

कोकणात, मुंबईत, गोव्यात कॅमेऱ्याचा मोठा शत्रू दमट हवा. चामड्याच्या मूळ पाकिटात कॅमेरा ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच चढते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की सुकवा किंवा बदला. आणि वापरत राहा: उजेड आणि वारा लागणाऱ्या लेन्सला बुरशी कमी लागते. शिल्लक रोल फ्रिजमध्ये चालतात, पण बाहेर काढल्यावर दोन-तीन तास डबी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

विमानाने जाताना रोल मोठ्या बॅगेत कधीही टाकू नका, तिथले क्ष-किरण तीव्र असतात. हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. नव्या सीटी पद्धतीच्या यंत्रातून गेलेला रोल धुरकट होतो.

शेवटचं

हा छंद स्वस्त नाही आणि झटपटही नाही. ज्यांना घरच्या समारंभाचे फोटो त्याच दिवशी नातेवाइकांना पाठवायचे आहेत, त्यांनी फोनच वापरावा. त्या कामाला तोच योग्य. पण ज्यांची रोजी संगणकावर आहे आणि ज्यांना आठवड्यातले काही तास त्याच्याशिवाय हवे आहेत, त्यांच्यासाठी महिन्याला दोन हजार रुपये ही वाजवी किंमत आहे. तेव्हा या रविवारी माळ्यावरचा कॅमेरा खाली काढा, एक रोल भरा. आणि तीन रोल पूर्ण धुऊन हातात येईपर्यंत दुसरा कॅमेरा, दुसरी लेन्स, काहीही विकत घेऊ नका.